२ लिटर ते २००० लिटर

रोटाव्हॅपर, म्हणजे पंपाने दाब कमी करून सॉल्व्हंट (विद्रावक) उडवणारं उपकरण, कारखान्यात नसतं. रसायनशास्त्रात नुकतंच एम.एस्सी. झालेल्या मुलाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. प्रयोगशाळेत प्रत्येक रिअ‍ॅक्शननंतर त्याने तेच तर केलेलं असतं. गोल बुडाचा फ्लास्क लावायचा, पंप चालू करायचा, कॅन्टीनमध्ये चहा पिऊन यायचं. तोवर सॉल्व्हंट उडून गेलेलं आणि काचेला पांढरी पावडर चिकटलेली. रिअ‍ॅक्टरमध्ये असं कोरडं होईस्तोवर काही उडवता येत नाही. पातळी खाली गेली की अ‍ॅजिटेटरची पाती उघडी पडतात, माल ढवळायचा थांबतो, तळाशी करपतो, आणि मग तो खरवडून काढायचा कुणी, यावर शिफ्ट बदलताना भांडणं होतात. रिसर्च पेपरात या सगळ्याचं एकच वाक्य असतं: सॉल्व्हंट कमी दाबाखाली काढून टाकलं.

माझी नोकरीची सगळी वर्षं त्या एका वाक्यात गेली. बडोद्याहून आणंदकडे जाताना नंदेसरीची जीआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत, लागते. तिथे औषधांचा कच्चा माल करणाऱ्या एका कंपनीत मी पायलट प्लांट सांभाळत होतो. पायलट प्लांट म्हणजे लॅबच्या फ्लास्कनंतरची आणि मोठ्या प्लांटच्या आधीची पायरी. ५०, १००, फार तर २५० लिटरच्या भांड्यांचा छोटेखानी कारखाना. लॅबवाले म्हणायचे, आम्ही दिलेली चांगली प्रोसेस तुम्ही बिघडवलीत. प्रॉडक्शनवाले म्हणायचे, बिघडलेली प्रोसेस आमच्या गळ्यात मारलीत. दोघांच्याही लेखी आम्ही फुकट खाणारे. आमच्याकडून एक किलो माल विकला जात नव्हता आणि आमच्या नावावर एक पेपरही छापून येत नव्हता.

विद्यापीठातलं संशोधन कारखान्यापर्यंत का पोचत नाही, यावर हल्ली सगळीकडे परिसंवाद होतात. निवृत्तीनंतर मलाही ‘इंडस्ट्री एक्स्पर्ट’ म्हणून बोलावणं येतं, शाल मिळते, कुंडीतलं रोप मिळतं. व्यासपीठावरून जे बोललं जातं ते पैशाबद्दल असतं, पेटंटबद्दल असतं, ‘माइंडसेट’बद्दल तर असतंच असतं. त्या २५० लिटरच्या भांड्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून इथे लिहितो.

आधी साधा हिशोब बघा. २ लिटरवरून २००० लिटरवर गेलं की आकारमान हजारपट होतं. भांड्याची उंची-रुंदी मात्र साधारण दहापटच वाढते आणि भिंतीचं क्षेत्रफळ शंभरपट. माल हजारपट, भिंत शंभरपट. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी भिंत एक दशांशावर आली. रिअ‍ॅक्शनची उष्णता बाहेर जायची ती याच भिंतीतून, भांड्याभोवतीच्या जॅकेटमध्ये फिरणाऱ्या थंड ब्राइनकडे, म्हणजे मिठाच्या पाण्याकडे. इथे लग्नाच्या स्वयंपाकाचं उदाहरण सगळे देतात, चार माणसांचं वरण आणि चारशे माणसांचं वरण वगैरे. मला ते अर्धवट वाटतं. आचाऱ्याला उष्णता आत घालायची असते. आमची अडचण ती बाहेर काढायची असते, आणि नाही निघाली तर वरण लागत नाही, झाकण उडतं.

मग उपाय काय? रिएजंट हळूहळू सोडायचा. लॅबमध्ये बर्फात फ्लास्क धरून अर्ध्या तासात जे टाकलं, ते प्लांटमध्ये आठ तासांत टाकायचं. उष्णतेचा प्रश्न सुटला. पण त्या आठ तासांत आधी तयार झालेला माल स्वस्थ बसत नाही. तो उरलेल्या कच्च्या मालाशी नको ते उद्योग करतो आणि एचपीएलसीवर, म्हणजे शुद्धता तपासायच्या यंत्राच्या आलेखावर, एक नवीन, नाव नसलेला पीक (उंचवटा) दिसायला लागतो. लॅबच्या वहीत तो कधीच नव्हता, म्हणून लॅबवाले म्हणतात तुमचं भांडं नीट धुतलेलं नव्हतं. फिल्ट्रेशनचंही तेच. बुकनर फनेलवर, म्हणजे लॅबच्या गाळणीवर, पाच मिनिटांत गळणारा माल सेंट्रिफ्यूजवर अख्खी शिफ्ट खातो, कारण थंड होण्याचा वेग बदलल्यामुळे स्फटिक वेगळे पडले, सुईसारखे बारीक, कापडाच्या भोकांत अडकणारे. कच्चा मालही लॅबमध्ये अर्ध्या किलोच्या बाटलीतून येतो, लेबलवर शुद्धता छापलेली. प्लांटमध्ये तो ड्रमातून येतो आणि कधी कधी ड्रमाचं लोखंडही थोडं सोबत घेऊन येतो.

यातलं काहीही अगम्य नाही. सगळं सुटतं. फक्त सोडवायला रात्री भांड्याशेजारी उभं राहावं लागतं, आणि उभं राहणाऱ्याला लॅबमधलं रसायनशास्त्रही कळावं लागतं नि व्हॉल्व्हही कळावा लागतो. असा माणूस विद्यापीठ घडवत नाही, कारण त्याची परीक्षा घेता येत नाही. कंपनीला तो हवा असतो, पण तयार.

बडोदेकराच्या मनाला हे जास्त लागतं, कारण आमच्याकडे याची सुरुवात उलटी झाली होती. मी शिकलो ते आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी आणि इंजिनिअरिंगची फॅकल्टी म्हणून ओळखलं जातं, पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरात त्याला कलाभवन सोडून दुसरं नाव कधी नव्हतं. विद्यापीठ १९४९ चं. कलाभवन १८९० चं. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी ते काढलं आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या सुरतेच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाती दिलं. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला, विणकाम असे विषय, आणि तेही मुलांना कळेल त्या भाषेत. दादासाहेब फाळके इथेच शिकले. कारागिराच्या हाताला शास्त्र आणि शास्त्रवाल्याच्या हाताला काम, असा एकूण बेत होता.

गज्जरांची एक गोष्ट मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक असायला हवी. १८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं. ते काम चापेकर बंधूंचं. ते डाग काही केल्या जाईनात. शेवटी ते काढले ते गज्जरांनी. राष्ट्रभक्तीच्या हिशोबात हे कुठल्या खात्यात मांडायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मला त्यात दिसतो तो प्राध्यापक, ज्याला डाग काढणं हे आपलं काम वाटलं. सच्छिद्र दगडात मुरलेलं डांबर दगडाला धक्का न लावता काढायचं, हा अव्वल दर्जाचा रासायनिक प्रश्न आहे. आज एखाद्या प्राध्यापकाकडे असा प्रश्न नेला तर तो विचारेल, याचा पेपर कुठल्या जर्नलमध्ये जाईल? त्याचंही चुकत नाही. बढतीच्या तक्त्यात डाग काढण्याला गुण नाहीत.

१९०७ साली बडोद्यात अलेंबिक उभी राहिली. उभी करणारे तिघे: गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन. सुरुवातीचा माल म्हणजे अल्कोहोल आणि टिंक्चर्स, जी तोवर विलायतेहून यायची. कलकत्त्यात त्याच सुमारास, १९०१ साली, प्रफुल्लचंद्र राय या दुसऱ्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची बेंगॉल केमिकल लिमिटेड कंपनी झाली होती. आज ज्याला ‘स्पिन-ऑफ’ म्हणून स्लाइडवर दाखवतात, ते हे. फक्त तेव्हा त्याला धोरण नव्हतं, सेल नव्हता, नोडल ऑफिसर नव्हता. मास्तर आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसं एकत्र कारखान्यात गेली. काय शिकवलं आणि काय विकायचं यात दुभाष्याची गरजच पडली नाही.

उगाच जुनं ते सोनं म्हणत नाही. महाराजांचे सगळेच उद्योग फळले असं नाही. सरकारी पैशाने काढलेली कापडाची गिरणी आणि गणदेवीचा साखर कारखाना यांचं काही भलं झालं नाही. संस्थानाने कारखाना चालवणं आणि संस्थानाने कारखाना चालवणारी माणसं शिकवणं, यात दुसरं जास्त टिकलं असं दिसतं. गिरणी गेली, कलाभवन राहिलं. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांनी रिफायनरी, खत कारखाना, आयपीसीएल ही तेव्हाची सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी नाहीतर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतलं एखादं शेड धरलं.

आयपीसीएल म्हटलं की मला नेहमी एक सही आठवते, जी मी पाहिलेली नाही. पॉलिएस्टर करायला पॅरा-झायलीन लागतं. झायलीनचे तीन भाऊ एकाच घरात जन्मतात, ऑर्थो, मेटा, पॅरा, आणि गिऱ्हाइकाला हवा असतो बहुतेक वेळा तिसराच. म्हणून बाकीच्यांना पॅरात बदलणारा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलने, झिओलाइट या सच्छिद्र पदार्थावर आधारलेला एन्सिलाइट नावाचा कॅटॅलिस्ट तयार केला. असोसिएटेड सिमेंट कंपनी त्यात उत्पादनाच्या बाजूने होती, होय, सिमेंटवाली एसीसी. आणि १९८० च्या दशकात आयपीसीएलने आमच्या बडोद्यातल्या प्लांटमध्ये तो वापरला. तोपर्यंत असे कॅटॅलिस्ट परदेशातून यायचे.

पुण्यातल्या शास्त्रज्ञांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण प्लांटवाल्याच्या नजरेने एकदा बघा. चालू प्लांट आहे. आत बसलेला परदेशी कॅटॅलिस्ट बरा चालतोय, विकणाऱ्या कंपनीची गॅरंटी आहे, बिघडलं तर बोट दाखवायला कोणीतरी आहे. तो काढून त्याच्या जागी देशी, याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कुठेही न चाललेला माल भरायचा. नाही चालला तर प्लांट बंद, पुढची सगळी साखळी बंद, आणि वरून दिल्लीचं पत्र. त्या कागदावर कोणीतरी सही केली असणार. पुण्याच्या लोकांनी किती आकडे आणून दाखवले, किती वेळा उलटतपासणी झाली, त्याचा मला अंदाज आहे, कारण छोट्या प्रमाणावर मी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. पण सरतेशेवटी सगळे आकडे संपतात आणि एक माणूस पेनाचं टोपण काढतो. त्याचं नाव कुठल्या पेपरात येत नाही. आयपीसीएल पुढे रिलायन्सकडे गेली. ते कागद कुठल्या कपाटात असतील कोण जाणे.

माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठातून निघालेल्या कंपनीला पैसा मिळतो, जागा मिळते, सल्ले तर रग्गड मिळतात. मिळत नाही ती ही सही. आपल्या चालू कारखान्यात ‘ये, करून बघ’ म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक.

पैशाचं खरंच आता तेवढं रडगाणं राहिलेलं नाही. गुजरात सरकारने २०१७ साली विद्यार्थ्यांच्या स्टार्टअपसाठी स्वतंत्र धोरण आणलं. केंद्राचं २०१९ चं धोरण आहे, त्यात संस्थेने दिलेल्या सोयींच्या बदल्यात कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं सुचवलेलं आहे. जैवतंत्रज्ञानाच्या बाजूला बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं अनुदान आहे, दीड वर्षाचं. पण एका संस्थेच्या बैठकीत मी त्या साडेनऊ टक्क्यांवर तब्बल दुपारभर चाललेली चर्चा ऐकली आहे. कंपनीने तोवर एक रुपयाचा माल विकलेला नव्हता. शून्याचे साडेनऊ टक्के किती, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण समोर ढोकळा आला.

नासावाल्यांची एक पट्टी आहे, तंत्रज्ञान किती तयार झालं ते १ ते ९ मध्ये मोजायची. हल्ली प्रत्येक अर्जात तो रकाना असतो. लॅबमध्ये सिद्ध झालं म्हणजे ४. प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत नमुना चालून दाखवला म्हणजे ७. विद्यापीठ ४ वर थांबतं, कारण तिथवर पेपर मिळतात. कंपनी ७ पासून ऐकायला लागते, कारण तिथून विक्री दिसते. ५ आणि ६ म्हणजे माझा पायलट प्लांट. तिथे खर्च सगळ्यात जास्त, फजिती सगळ्यात जास्त, आणि दाखवायला काही नाही.

पेटंटचं मी थोडक्यात आटपतो, कारण त्यावर बोलायला वकील पुष्कळ आहेत. आपल्याकडे शोध आधी छापला आणि मग पेटंटला गेलात तर बहुतेक वेळा दार बंद झालेलं असतं. सवलती आहेत पण अरुंद. मुलं वर्षानुवर्षं आधी पेपर काढतात, मग पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन लायब्ररीवर, चढतो, जी आपल्याच गांधीनगरातून चालते आणि जगातल्या कोणालाही फुकट वाचता येते, आणि त्यानंतर कोणाला तरी पेटंटची आठवण होते. तिकडे रँकिंगमध्ये पेटंटचे आकडे धरतात म्हणून दुसराच धंदा सुरू झालाय. आठ राज्यांतल्या आठ कॉलेजांतले आठ प्राध्यापक मिळून एक ‘स्मार्ट’ डस्टबिन. शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या फीमध्ये २०२१ पासून ८० टक्के सूट आहे. चांगल्या हेतूने दिलेली. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं भांड्याशेजारी न जाता गेली, तर उरलेल्यात कोण रस घेणार?

अमेरिकेचे दाखले मी मुद्दाम टाळतो. स्टॅनफर्डने गूगलचे शेअर २००५ मध्ये विकून ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळवले, हे प्रत्येक परिसंवादात येतं आणि ऐकणाऱ्या प्रत्येक कुलसचिवाच्या डोळ्यांत चमक येते. तिथे १९८० साली कायदा झाला, सरकारी पैशातून लागलेल्या शोधांवर विद्यापीठांना हक्क देणारा. त्याच धर्तीचं विधेयक आपल्याकडे २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं. झालं असतं तरी नंदेसरीत फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. इथल्या मालकाला हक्क कोणाचा यात रस नसतो. त्याला पहिला प्रश्न पडतो, माझी बॅच बिघडली तर भरून कोण देणार.

आता एका मुलाची हकिकत. तो माझ्या पुतण्याच्या ओळखीचा, पीएच.डी. करणारा, गाईडसोबत एक छोटी कंपनी काढलेला. पहिल्या भेटीत सर, सर. दांडिया बाजारातलं घर कळल्यावर पाचव्या मिनिटाला काका. त्याने मला लॅबमध्ये नेलं आणि काचेच्या बीकरमध्ये निळं पाणी घेतलं, अगदी शाईसारखं गडद. त्यात चिमूटभर काळी पावडर टाकली, ढवळलं. मग बीकरच्या बाहेरून एक चपटा लोहचुंबक काचेला टेकवला. पावडर सरसर त्या बाजूला जाऊन गोळा झाली, काचेच्या आत मिशीसारखी, आणि मागे उरलं ते पाणी स्वच्छ. इतकं स्वच्छ की बीकरपलीकडच्या भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता वाचता येत होता. मी मनापासून दाद दिली. असा प्रयोग पाहिला की माणूस पुन्हा पहिल्या वर्षाला जातो.

रंगाचं पाणी हा बडोद्याचा विषय आहेच. इथल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहून नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून खंभातच्या आखातापर्यंत जातो. त्यात सोडण्याआधी प्रत्येक कारखान्याला आपल्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, पाणी नियमात बसवावं लागतं. त्यामुळे या पावडरला गिऱ्हाईक शोधायला दूर जायला नको. मी विचारलं, निळा रंग कुठला घेतलास? मिथिलीन ब्लू, काका. का? सगळे तोच घेतात, पेपरमध्ये तुलना करता येते.

खरं आहे. मिथिलीन ब्लू स्वस्त आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर झटकन मोजता येतो आणि त्याच्यावर धन भार असतो. पावडरच्या पृष्ठभागावर ऋण भार असला की तो आपणहून येऊन चिकटतो. पण आमच्याकडच्या कारखान्यांतून जे निघतं, ते रिअ‍ॅक्टिव्ह डाय, एच-अ‍ॅसिडसारखे इंटरमीडिएट (रंग बनवतानाचे मधले पदार्थ), त्यांच्या अंगावर सल्फोनिक गट असतात. म्हणजे त्यांचा भारही ऋण. मिथिलीन ब्लूला कवटाळणारी पावडर त्यांना ढकलून देणार. हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मी वाक्य अर्धं केलं तेव्हाच त्याचा चेहरा बदलला. त्याला हे ठाऊक होतं. फक्त त्याच्या दोन ठाऊक गोष्टी आजवर एकमेकींना भेटल्या नव्हत्या. भेटायचं कारणच पडलं नव्हतं. मिथिलीन ब्लूवर पेपर निघत होते.

पुढच्या आठवड्यात मी एका पटेल मित्राच्या कारखान्यातून पाच लिटरच्या कॅनमध्ये खरं पाणी आणून दिलं, ईटीपीच्या पहिल्या टाकीतलं. कॅन उघडल्यावर लॅबमधली दोघं जण बाहेर गेली. रंग म्हणाल तर काळपट तपकिरी, वर फेस, आणि मीठ इतकं की वाळलेल्या थेंबाचा पांढरा ठिपका टेबलावर उमटत होता. पावडर टाकली. रंग जरासा फिका झाला. लोहचुंबक लावला, तर निम्मी पावडर फेसासोबत वर तरंगत राहिली.

गाईड म्हणाले, हे ऑप्टिमाइज करू, आधी अजून दोन पेपर होऊन जाऊ देत. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांच्या हाताखाली चार मुलं, प्रत्येकाला प्रबंधासाठी पेपर हवेत, शिष्यवृत्तीचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत, आणि खऱ्या सांडपाण्यावर काढलेले ओबडधोबड आकडे रिव्ह्यूअर परत पाठवतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मिथिलीन ब्लूच घेतला असता.

मुलाने मात्र कॅन परत केला नाही. पावडरचा पृष्ठभाग बदलून तिच्यावर धन भार आणायचा उद्योग त्याने सुरू केला, रात्री, गाईडच्या कामाव्यतिरिक्त. आम्लात पाणी नेऊन बघितलं, अमाइन चढवून बघितलं. फेस मारायला काय करायचं ते आमच्या जुन्या ऑपरेटरने फोनवर सांगितलं. ते कुठल्याही पेपरात नाही आणि मीही इथे लिहीत नाही, त्याची भाकरी आहे ती. काही महिन्यांनी बीकरमधलं तपकिरी पाणी चहाच्या रंगावर आलं, मग लिंबू सरबताच्या. स्वच्छ नाही झालं, पण पटेलला दाखवण्याजोगं झालं.

पटेल आला, बीकर उजेडाकडे धरला, वास घेतला, आणि पहिलाच प्रश्न टाकला: “रंग तो गयो, पण आ कादव क्यां नाखवानो?” गाळ टाकायचा कुठे. रंग पाण्यातून गेला म्हणजे पावडरवर बसला, आणि रंग बसलेली पावडर हा घातक कचरा झाला. तो टीएसडीएफला, म्हणजे घातक कचऱ्याच्या अधिकृत डेपोला, पाठवायचा तर वजनावर पैसे, वर गाडी, वर कागदपत्रं. आज तो चुना आणि फेरस घालून जो गाळ काढतो त्याचा त्याला रोजचा खर्च पाठ आहे. तुझी पावडर किती वेळा धुऊन परत वापरता येते? पाच वेळा, पेपरात लिहिलंय. मिथिलीन ब्लूवर. आणि धुतलेलं पाणी कुठे गेलं? मुलगा गप्प. दहावी नापास झालेल्या माणसाने दोन मिनिटांत विचारलेले हे तीन प्रश्न त्याच्या प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणाचे मथळे होते, आणि ते त्याला त्याच्या समितीने विचारले नव्हते.

मला वाटलं, संपलं. पण पटेलने तिथेच जमिनीवर खडूने चौकोन काढला. ईटीपीच्या शेजारी हजार लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवू, पाइपाला टी मारून पाणी घेऊ, प्रक्रिया झाली की परत पहिल्याच टाकीत सोडू, म्हणजे जीपीसीबीचा, म्हणजे प्रदूषण मंडळाचा, माणूस नमुना घ्यायला आला तरी माझ्या आउटलेटला धक्का नाही. अट एकच, तिन्ही शिफ्टला हा मुलगा स्वतः हवा. त्याचा असिस्टंट नको, गाईडची चिठ्ठी नको. आमचं पाणी सकाळी वेगळं, रात्री वेगळं; ड्रायर धुतात तेव्हा तर विचारू नका. ते याने डोळ्यांनी बघायला हवं.

गाईडना कळवल्यावर त्यांनी उत्साहाने एमओयूचा मसुदा पाठवला. चौदा पानं. बौद्धिक संपदा, गोपनीयता, वाद उद्भवल्यास न्यायक्षेत्र, आणि सह्यांच्या समारंभाला मालकाने कोट घालून यावं अशी सूचना. विद्यापीठाच्या विधी विभागाकडून तो मंजूर होऊन यायला वेळ लागणार होता, किती ते कोणी सांगेना. पटेलने पहिलं पान वाचलं आणि कागद मला परत दिले. म्हणाला, साहेब, मला लग्न नाही करायचं, पाणी साफ करायचंय. आपण ट्रायल ऑर्डर काढू. इतक्या लिटर पाण्याचे इतके रुपये, जमलं तर पुढची ऑर्डर, नाही जमलं तर राम राम. बिघडलं तर टाकी माझी, माझ्या आवारात, जबाबदारी माझी.

तिथल्या तिथे लेटरहेडवर त्याने ती लिहून सही ठोकली. रक्कम सांगण्यासारखी नाही. मुलाचं पेट्रोल सुटेल एवढी. त्याने तो कागद हातात धरला तसा त्याने त्याच्या अनुदानाचं मंजुरीपत्र धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पटेलच्या अकाउंटंटचा फोन. बिल कसं करणार, जीएसटी नंबर काय? इनक्युबेशनच्या कागदपत्रांत कंपनीची नोंदणी होती, लोगो होता, पाच वर्षांचा विक्रीचा अंदाजसुद्धा होता, रंगीत आलेखासकट. जीएसटी नंबर कोणी काढलाच नव्हता. रावपुऱ्यातला आमचा सीए गाठून दिलाय. टाकी आली आहे, टी मारायला फिटर शनिवारी येतो म्हणालाय, आणि गाळाचं नेमकं काय करायचं यावर पटेल आणि मुलगा अजून वाद घालतायत.